पेनाला टोपण लावल्यावर

परळच्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात सतरा वर्षं मी लोकांना एकच गोष्ट विचारत फिरलो. आमच्याकडे तुम्हाला कसं वाटलं? चहा कसा होता, चादरी बदलल्या का, सिस्टर नीट बोलल्या का, डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला का. एकूण वीस प्रश्न. प्रत्येकापुढे पाच चेहरे छापलेले, पहिला रडका, शेवटचा हसरा. रुग्णाने बोट ठेवायचं, मी खूण करायची. महिन्याअखेरीस बेरीज करून वॉर्डवार सरासरी काढायची आणि वरच्या मजल्यावर पाठवायची. त्यावरून काहीतरी सुधारेल अशी अपेक्षा. कधी कधी सुधारायचंही, ते पुढे सांगतो.

दारावर ‘रुग्ण अभिप्राय कक्ष’ अशी पाटी होती. कक्ष म्हणजे एक्स-रे विभागाच्या जिन्याखालची खोली, आणि तिच्यात मी एकटा. वॉर्डबॉय मला ‘मार्कवाले’ म्हणायचे. मी वॉर्डात शिरलो की सिस्टर हसत म्हणायच्या, “परब आले, आता सगळे शहाण्यासारखे वागा.” चेष्टाच असायची. पण डबा खायला मी त्यांच्या टेबलाशी बसलो की चालू विषय थांबायचा आणि कोणीतरी पाऊसपाण्याचं काढायचं. रुग्णांना मी हॉस्पिटलचा माणूस वाटायचो आणि हॉस्पिटलवाल्यांना रुग्णांचा. दोन-तीन महिन्यांत मी डबा जिन्याखालीच उघडायला लागलो. लालबागच्या घरीही आई गेल्यापासून कोणी नाही. लग्न राहून गेलं. त्यामुळे दिवसभर शंभर माणसांशी बोलायचं आणि संध्याकाळी कुलूप उघडताना आपलं तोंड आंबलंय असं वाटायचं, पण स्वतःचं असं एक वाक्यही बोललेलं नसायचं.

अभिप्राय घेणं सोपं काम वाटतं. तसं ते नाही. पहिली गोष्ट, उभं राहून विचारायचं नाही. स्टूल ओढून बसायचं, डोळे डोळ्यांच्या पातळीला यायला हवेत. नातेवाईक असताना विचारायचं नाही, ते रुग्णाच्या आधी उत्तर देतात. सुरुवात चहाने करायची, कारण चहाबद्दल आपल्याकडे कोणी खोटं बोलत नाही. एकदा चहाला नावं ठेवली की जीभ सैल होते.

तरीही वीसच्या वीस प्रश्न होईपर्यंत माणूस ‘चांगलं आहे, चांगलं आहे’ असंच म्हणतो. त्याला इथेच राहायचंय, उद्याही इंजेक्शन ह्याच हातांकडून घ्यायचंय. मग सही होते. मी पेनाला टोपण लावतो, पेन खिशात जातं. आणि त्या क्षणी माणूस म्हणतो, “तसं काही नाही हो, पण...”

ह्या ‘पण’नंतर जे येतं ते खरं. सतरा वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिलं की पुढे पुढे मी मुद्दाम टोपण जरा जोरात लावायचो, आवाज यावा म्हणून.

एक नायगावचे म्हातारे होते. गिरणीत जन्म गेलेला. उजव्या हाताला सलाईन. जेवणाच्या प्रश्नावर त्यांनी सरळ शेवटच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी टोपण लावलं तशी म्हणाले, “जेवाण बरा आसतला. माका काय म्हायत? मी जेवलंय खंय?”

“म्हणजे?”

“ह्या हाताक सुई. आणि डाव्या हातान कोण जेवता काय रे?”

दोन दिवस चहावर होते. ताट यायचं, तसंच परत जायचं आणि चार्टवर सिस्टर लिहायच्या, भूक मंद. भरवायला कोणी नव्हतं आणि सांगायची लाज. मी उठून सिस्टरकडे गेलो आणि सुई डाव्या हाताला घ्यायला लावली. त्या दुपारी त्यांनी भात मागून घेतला. मग मी त्या महिन्याच्या अहवालात सरासरीच्या खाली दोन ओळी घातल्या, आणि काय आश्चर्य, कोणीतरी त्या वाचल्या. दाखल करतानाच्या कागदावर एक नवीन रकाना आला: जेवणाचा हात कोणता. तो रकाना अजून आहे. मी एवढ्या वर्षांत काय केलं असं कोणी विचारलं तर मी तो रकाना दाखवीन.

विचित्र माणसंही भेटली. एका निवृत्त कारकुनाने सगळीकडे पाचपैकी दोनच मार्क दिले. मी विचारलं, एवढं काय बिघडलं? तर म्हणाले, “काही नाही. मी कोणालाच दोनच्या वर देत नाही. बायकोला विचारा.” बायको शेजारी बसून मोसंबं सोलत होती. म्हणाली, “मला दीड.”

ते दिवस बरे होते. टोपण लावल्यावरचं बोलणं मी जिन्याखाली येऊन वहीत उतरवायचो आणि होईल तेवढं वर पाठवायचो. मग सुर्वे मावशींचं झालं.

सुर्वे मावशी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होत्या. रोज सकाळी त्यांची जखम धुताना पडदा ओढत नसत. आजूबाजूला पुरुष नातेवाईक ये-जा करायचे. हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं आणि नाव घालू नको म्हणाल्या. मी नाव घातलं नाही. पण वॉर्ड लिहिला, सकाळचं ड्रेसिंग लिहिलं. त्या आठवड्यात सकाळचं ड्रेसिंग त्या एकट्यांचंच होतं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं.

कोणी त्यांना त्रास दिला नाही, हे मला स्पष्ट सांगायला हवं. पडदा ओढला जाऊ लागला, अगदी काटेकोर. फक्त बोलणं बंद झालं. आधी सिस्टर विचारायच्या, “काय मावशी, आज लेक येणार का?” आता फक्त “हात वर. कुशीवर.” तीन दिवसांनी मावशी मला म्हणाल्या, “परब, पडदा मिळाला रे. पण माणसं गेली. आणि मला अजून दहा दिवस काढायचेत इथे.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी ठरवलं की टोपणानंतरचं लिहायचं नाही. रुग्णाच्याच भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडं खरंही होतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

त्याच्या पुढची पायरी मात्र माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघाली. मी फॉर्म वॉर्डात भरायचं थांबवलं आणि डिस्चार्जच्या वेळी भरायला लागलो. विचार करा, माणसाने घरचे कपडे घातलेत, पिशवी भरलीय, मुलगा टॅक्सी आणायला गेलाय, शेवटचा कागद तेवढा यायचाय. अशा माणसाला कसं वाटलं म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? एकाने सगळे हसरे चेहरे भरून खाली लिहिलं होतं, ‘घरी सोडल्याबद्दल आभारी.’ सरासरी एकदम चढली. आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख मॅडम, तिशीतल्या, हुशार बाई, मला म्हणाल्या, “परब, हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?” सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला बरं वाटलं. मला कोणी सगळ्यांसमोर काही म्हणायची सवय नव्हती.

आता आगासकर बाईंबद्दल. हे लिहायचं म्हणूनच बाकीचं लिहिलं.

फॉर्म नसले तरी सवयीने मी सकाळी वॉर्डातून एक फेरी मारायचो. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात बावीस नंबरच्या खाटेवर बाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हृदयाचा त्रास, पायाला सूज. केस नीट विंचरलेले, उशाशी पेन्सिल. मला बघून म्हणाल्या, “तुम्हीच का ते परीक्षा घेणारे?”

“परीक्षा आमची असते, बाई. मार्क तुम्ही द्यायचे.”

“मग प्रश्नपत्रिका कोणी काढली? चुकीची आहे ती.”

शेजारची बाई त्या दिवशी घरी जात होती, तिचा कोरा फॉर्म ह्यांनी मागून घेतला होता. त्यावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या.

“प्रश्न सहावा. पिण्याचे पाणी कसे होते? पाणी उत्तम आहे. ह्या कोपऱ्यातल्या तिघी संध्याकाळनंतर ते पीत नाहीत. का पीत नाहीत, हे विचारायला तुमच्याकडे प्रश्न नाही.”

“का पीत नाहीत?”

“प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठायचं तर कोणीतरी धरायला हवं. बोलवायचं तर बेल हवी.” त्यांनी डोक्याशी लोंबणारं बटण उचललं आणि माझ्यासमोर दोनदा दाबलं. काही वाजलं नाही. “भिंतींना रंग लावला तेव्हापासून ह्या तीन खाटांची बंद आहे म्हणतात. बायका ग्लास आपटून बोलवतात. आया चिडून येतात. त्यांचीही चूक नाही, चोवीस खाटांना दोघी जणी. मग ह्यांनी पाणीच सोडलं. मला लघवीची गोळी आहे, मला उठल्यावाचून गत्यंतर नाही.”

“बघतो, बाई,” मी म्हटलं आणि टोपण लावलं. सवयीने.

“टोपण काढा,” त्या म्हणाल्या. “लिहा. नावासकट लिहा. आगासकर, खाट बावीस.”

सतरा वर्षांत मला असं सांगणारं दुसरं कोणी भेटलं नाही. नाव नको म्हणणारे शेकड्यांनी भेटले. नाव घाला म्हणणारी ही एकटी.

“बाई, फॉर्म आपण डिस्चार्जच्या दिवशी भरतो. तेव्हा सविस्तर लिहू.”

“म्हणजे मी बरी झाल्यावर.”

“तशी पद्धत आहे.”

“आणि मग त्याचं काय करता?”

“सगळ्यांची सरासरी काढतो.”

त्या हसल्या. मोठ्याने नाही. वर्गात पोराचं गणित फळ्यावर चुकलं की बाई हसतात तसं. “एकवीस जणींची बेल वाजते, तिघींची वाजत नाही. म्हणजे सरासरीत माझी बेल वाजते, परब. रात्री तेवढी ती सरासरी पाठवा माझ्याकडे.”

मी हसलो आणि निघालो. पुढच्या आठवड्यात बाहेरची तपासणी समिती येणार होती, गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की ह्या दिवसांत नवी तक्रार नोंदली तर ती ‘प्रलंबित’ दिसेल. हे मी नंतर कारण म्हणून स्वतःला फार वेळा सांगितलं. वरचा दबाव होता, वगैरे. पण आज खरं सांगायला बसलोय तर सांगतो. तक्रार न नोंदताही मला काम करता आलं असतं. हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन माझ्याच चाळीच्या मागे राहायचा. त्याला नुसतं म्हटलं असतं, “बाबा रे, तेवढं बावीस नंबरचं बघ,” तर दुपारपर्यंत झालं असतं. मी जिन्याखाली आलो, डबा उघडला, आणि विसरलो. भीती नाही, दबाव नाही. विसरलो. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात गेलो नाही, कारण समितीच्या फायली लावत होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाई एकट्या उठल्या आणि खाटेशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पण हृदय कमजोर, मग छातीत कफ भरला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. त्या पडल्या त्याच दिवशी दुपारी तिन्ही बेल वाजायला लागल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम निघालं.

बाई पडल्या त्याच आठवड्यात चौकशी झाली. अधीक्षकांच्या खोलीत पाच-सहा जण. मला बोलावलं, कारण तक्रारींची वही माझ्याकडे. “परब, ह्या बेलबद्दल आधी कोणाची तक्रार आली होती का?”

मी वही उघडली. पानं उलटली. सगळ्यांसमोर पानं उलटताना मला माहीत होतं की त्यात काही नाही. “नोंद नाही, सर,” मी म्हटलं.

शब्दशः खरं उत्तर. कोणी पुन्हा विचारलं नाही. समिती येऊन गेली, प्रमाणपत्र मिळालं, पुढच्या दारात फ्रेम करून लागलं. मॅडमनी पेढे वाटले. मी खाल्ला.

हे इथपर्यंत असतं तर कदाचित मी ते घेऊनच मेलो असतो. मोठ्या संस्थांच्या कामात असे पेढे पुष्कळ जण खातात. पण महिन्याभराने बाईंची मुलगी आली. मेधाताई, चाळिशीच्या, बँकेत नोकरी, आईबरोबर गिरगावातच राहायच्या. आईच्या केसपेपरच्या प्रती घ्यायला आल्या होत्या. रेकॉर्ड विभागाने थांबायला सांगितलं म्हणून माझ्या दारातल्या बाकावर बसल्या. पाटी वाचून आत आल्या.

“तुम्ही रुग्णांशी बोलता ना? माझ्या आईशी बोलला होतात का? बावीस नंबर.”

“एकदा भेट झाली होती,” मी म्हटलं.

“मी त्या रात्री नव्हते. आठ रात्री होते, मीच तिला धरून उठवायचे, बेल कधी लागलीच नाही. आणि नवव्या रात्री आईनेच हाकललं, जा, झोप जरा म्हणाली. मी गेले. ते तर आहेच. ते मी भोगीनच. पण मला दुसरंच कळत नाही. बेल बंद आहे हे तिला माहीत असणार. माझी आई गप्प बसणारी बाई नव्हती हो. रेशनच्या दुकानात वजनकाटा तपासायला लावायची. मुलांना नापास करून पालकांशी भांडायची. तिने कोणाला सांगितलं कसं नाही? मलाही बोलली नाही. कोणाला काही बोलली होती का?”

“नोंद नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्यांदा तेच वाक्य, पण ह्या वेळी समोर अधीक्षक नव्हते.

त्या बराच वेळ माझ्या टेबलावरच्या फॉर्मांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे ती घाबरली होती. आजारपणात माणूस घाबरतं म्हणतात. शेवटी शेवटी तिला वाटलं असेल, कशाला बोला, हे लोक चिडतील. आई अशी होऊन गेली आणि मला कळलंही नाही.”

मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “पाणी हवंय का ताई?” त्या नको म्हणाल्या आणि रेकॉर्डवाल्याने हाक मारली.

त्यानंतर दोन वर्षं मी ती नोकरी केली. फॉर्म भरत राहिलो, सरासरी काढत राहिलो. बावीस नंबरजवळून जाताना चालण्याचा वेग वाढायचा, हे मला एका सिस्टरने दाखवून दिलं. “परब, तुम्हाला त्या कोपऱ्यात भूत दिसतं काय?” मुदतीच्या चार वर्षं आधी मी राजीनामा दिला. निरोप समारंभात मॅडम म्हणाल्या की परबांनी रुग्णांचा आवाज वरपर्यंत पोहोचवला. शाल दिली. ती मी अजून वापरलेली नाही.

घरी बसल्यावर माणसाला बोलायला कोणी लागतं. मला नव्हतं. चाळ पाडून टॉवर झालाय, आमच्या मजल्यावरची दारं बंद असतात. कधी कधी मी संध्याकाळी चालत हिंदमातापर्यंत जायचो, साड्यांच्या दुकानांपुढची गर्दी बघायचो आणि परत यायचो. डोक्यात बाईंचं ते वाक्य. मुलीचं त्याहून जास्त. आईची आठवण काढताना ती दर वेळी एका घाबरलेल्या बाईची आठवण काढत असणार. ती बाई कधी अस्तित्वातच नव्हती. ती मी तयार केली, दोन शब्दांत.

गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दादरच्या एका नर्सिंग होममध्ये. तीन दिवस होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास मला कोणी उठवून बसवलं नाही, लघवीचं भांडंही मिळालं नाही. मी आढ्याकडे बघत पडून होतो. घरी निघालो तेव्हा लिफ्टच्या दारात फोनवर मेसेज आला: आमच्या सेवेबद्दल आपलं मत द्या. पाच तारे होते. लिफ्ट येत होती. मी पाचही दाबले.

मग लिफ्टमध्ये मला हसू आलं, टाके दुखले. सतरा वर्षं ज्यांना मनातल्या मनात भित्रे म्हटलं, त्यांच्यात मी जाऊन बसलो होतो. आणि जिला भित्री ठरवू दिलं, ती तेवढी एक नव्हती.

टाके सुकल्यावर मी गिरगावात गेलो. पत्ता केसपेपरवर बघितलेला, विसरणं शक्य नव्हतं. दुसरा मजला, दारावर अजून बाईंच्या नावाची पाटी. मेधाताईंनी दार उघडलं आणि क्षणभराने ओळखलं.

“तुम्ही ते फॉर्मवाले.”

“हो. परब. मला तुम्हाला काही सांगायचंय. आत नाही बोलावलंत तरी चालेल.”

त्यांनी आत घेतलं. मी बसलो नाही. सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. त्यांचा चेहरा बघायचा नाही असं ठरवलं होतं, पण काम इतकी वर्षं तेच केलं, नजर जातेच. ‘विसरलो’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

“काय शब्द होते तिचे?” त्या म्हणाल्या. “जसेच्या तसे सांगा. तुमच्या भाषेत नको.”

मी सांगितले. टोपण काढा, लिहा, नावासकट लिहा. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. सरासरीत माझी बेल वाजते, इथे आल्यावर त्यांच्या तोंडून हसू निसटलं, आणि ते मधेच मोडलं. “हे आईचंच,” त्या म्हणाल्या. “हे दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.”

खालून भाजीवाल्याची हाक आली. मग त्या म्हणाल्या, “तीन वर्षं. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की आई शेवटी खचली होती. मामाला सांगितलं. तिच्या विद्यार्थिनी आल्या, त्यांना सांगितलं. आणि हे तुमच्याकडे होतं.”

“माफी मागायला आलोय असं नाही,” मी म्हटलं. “मागून काय होणार.”

“माफी ठेवा तुमच्याकडे. ते माझं होतं, परब. तिचं शेवटचं भांडण. ते माझं होतं, आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत.”

मी निघालो. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली. आवाज शांत होता, बँकेत काउंटरवर विचारतात तसा.

“आणखी कोणाकोणाचं आहे तुमच्याकडे?”

घरी येऊन मी वही घेतली आणि आठवायला बसलो. आठवडाभर बसलो. हॉस्पिटललाही सगळं लिहून पत्र पाठवलं, त्याची पोच आली. वही मात्र भरत गेली. पुरुषांचा वॉर्ड, खाट सात: रात्री दिवा डोळ्यांवर असतो, झोप येत नाही, पण मालवा म्हणायचा धीर होत नाही. स्त्रियांचा वॉर्ड, खाट पंधरा: डॉक्टर इंग्रजीत बोलले, मुलगा रडला, मला कोणी सांगितलं नाही की मला काय झालंय. खाट तीन: मला माझ्या नावाने हाक मारा, ‘पित्ताशय’ म्हणू नका. असं एकेक. बोलणं स्पष्ट आठवतं, आवाजासकट. खाटेचा नंबर आठवतो. वहीतल्या एकाचंही नाव आठवत नाही, कारण असं बोलणं ऐकताना नाव मी कधी लिहूनच घेतलं नव्हतं.

म्हणून हे छापायला दिलंय. तुमचे आईवडील, काका, आत्या, कोणी परळच्या हॉस्पिटलात त्या वर्षांत असतील, आणि एका किडकिडीत, चष्मेवाल्या माणसाशी ते बोलले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर वॉर्ड आणि खाट कळवा. संपादकांकडे माझा पत्ता आहे. ते काय म्हणाले ते मी सांगेन, त्यांच्याच शब्दांत. दुपारनंतर मी घरीच असतो.